वाघनखाची उलटतपासणी

नंदा,

तुझ्या मातीला आलेली माणसं तुझ्याबद्दल जे बोलली ते सगळं खरं होतं, आणि तरीही ते ऐकताना मला चीड येत होती. "डॉक्टरीणबाईंचा हात लई हलका होता," "दाढ कधी निघाली ते कळलंसुद्धा नाही," असं जो तो सांगत होता. एका गृहस्थानं तर माझ्यासमोर आ करून तू बसवलेली कॅप दाखवली आणि मग डोळे पुसले. मी मान डोलावत होतो. मनात म्हणत होतो, अहो, ही तर तिची रोजची कामं. ज्या एका दातासाठी या बाईचं नाव घ्यायला पाहिजे तो तुमच्यापैकी कुणाच्याच तोंडातला नाही, आणि त्याच्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढत नाही.

काढणार तरी कसे? आपण कुणाला सांगितलंच नव्हतं. "आधी पक्कं ठरू दे, मग सांगू," असं तूच म्हणाली होतीस. पक्कं ठरलं, आणि सांगायच्या आत तू गेलीस. म्हणून आता मी सांगायला बसलोय. तू मध्येच "पुरावा काय?" म्हणून अडवणार नाहीस, तेव्हा सगळा युक्तिवाद एकतर्फी होणार. समोर विरोधी पक्षच नाही अशी केस वकिलाला फार आवडते असं लोकांना वाटतं. मला ती अजिबात आवडलेली नाही.

आपल्या घरातलं ते वाघनख. माझे पणजोबा गुरुलिंगप्पा कापसाचा व्यापार करायचे. सोलापुरातून निघून वऱ्हाडात, तिथून पुढं पार चांद्याकडच्या जंगलापर्यंत गाड्या घेऊन जायचे. तिथं त्यांच्या बैलावर वाघानं झडप घातली, त्यांनी भाल्यानं वाघ मारला आणि त्याचं एक नख आणून चांदीच्या टोपणात बसवून घेतलं, ही आमच्या घराण्याची गोष्ट. गोष्ट सांगणाऱ्याप्रमाणे वाढत गेली. आमच्या काकांच्या तोंडी वाघाची वाघीण झाली आणि बरोबर बछडेही आले. पण नख तेच राहिलं. घरात मुलगा जन्मला की बारशाला काळ्या गोफात ओवून त्याच्या गळ्यात बांधायचं. माझ्या वडिलांच्या गळ्यात होतं, माझ्या होतं, आपल्या अभिजितच्या होतं. बारसं उरकून बाळ जरा मोठं झालं की अव्वा, म्हणजे माझी आई, त्याला तेल लावून देवघरातल्या डबीत परत ठेवायची. दर दसऱ्याला पुन्हा तेल, हळद, कुंकू. एवढ्या वर्षांच्या तेलानं ते असं काळंकुट्ट आणि चिकट झालं होतं की त्याचा खरा रंग कुणी पाहिलाच नव्हता. तू तरी कशी पाहणार? अभिजितच्या वेळी तू बाळंतीण होतीस, त्याच्या गळ्यात तुला दिसला तो नुसता काळा गोळा, आणि एरवी देवघरातल्या वस्तूंना तुला कुणी हात लावू दिला नव्हता.

अभिजितच्या बायकोला, श्रुतीला, दिवस गेले तेव्हा अव्वानं जाहीर केलं की या वेळी पोरगा होवो नाहीतर पोरगी, वाघनख गळ्यात पडणार. अव्वा नव्वदीला आलेली. तिनं जाहीर केलं म्हणजे झालं. चार दिवसांनी पुण्याहून श्रुतीचा तुला फोन आला. बिचारी घाबरत घाबरत म्हणाली, "आई, वाघाचं नख घरात ठेवणं गुन्हा आहे ना? बाबा तर वकील आहेत."

तू फोन ठेवून माझ्याकडं पाहिलंस. मी म्हटलं, "वाडवडिलांची वस्तू आहे, जुनी आहे, बघू की." तू म्हणालीस, "हे तुम्ही कोर्टात म्हणून बघा." मग डबी घेतलीस आणि जिना उतरून खाली दवाखान्यात गेलीस. "शिक्षा कुणाला व्हायची ते नंतर. आधी आरोपी कोण आहे ते तरी पाहू."

दुपारची वेळ होती, पेशंट नव्हते. तू खुर्चीच्या वरचा मोठा दिवा लावलास, ट्रेवर कापूस अंथरून त्यावर ते ठेवलंस, आणि पेशंटशी बोलतेस तशाच आवाजात त्याला म्हणालीस, "दुखणार नाही हं." मी हसलो. मग तू ते तासायचं यंत्र हातात घेतलंस, दातावरचं कीट काढायचं. त्याच्या त्या किर्र आवाजात तेलाचे आणि कुंकवाचे थर निघत गेले. नंतर ब्रश, पेस्ट, पाणी. आणि मग तुझे हात थांबले.

"काय बघायलीस?" मी विचारलं.

"हे नख नाही."

"मग?"

"नखाला एनॅमल नसतं," तू म्हणालीस. "अहो, हा दात आहे."

इतकी वर्षं तुला दात बघताना मी पाहत आलो होतो, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. कॉलेजात पहिल्यांदा एखादं पुस्तक आवडलेल्या मुलीसारखी दिसत होतीस. तू भिंग लावलंस आणि मला दाखवलंस. चपटा, मागं वळलेला, तपकिरी चमकणारा. दोन्ही कडांना करवतीसारखे बारीक दाते, एकसारखे. बोटाच्या नखानं ते नुसते जाणवायचे. मी लगेच वाघाच्या बाजूनं उभा राहिलो. म्हटलं, नख नसेल तर वाघाचा सुळा असेल, पणजोबांनी सुळा काढला असेल. तू म्हणालीस, वाघाचा सुळा गोल आणि जाड असतो, त्याला अशी करवत नसते. मग मी भीमेतली मगर पुढं केली. तू म्हणालीस, मगरीचा दात सुळकेदार असतो, खुंटीसारखा. हा सुरीच्या पात्यासारखा आहे. आणि वजन बघा, हा तर दगड झालाय. तू त्याचा एक्स-रेसुद्धा काढलास, माणसाच्या दाढेचा काढतात त्याच छोट्या यंत्रावर. फिल्म दिव्यासमोर धरून मला आतली पोकळी दाखवलीस. माझा एकेक साक्षीदार तू शांतपणे खाली बसवत होतीस. एकाच दुपारी मी वाघ आणि मगर दोन्ही हरलो.

"मग कशाचा?"

"ठाऊक नाही. पण आता जगात नसलेल्या कशाचा तरी," तू म्हणालीस. "आणि ते मांस खात होतं."

आपलं खरं भांडण झालं ते त्यानंतर. मी म्हणत होतो, अव्वाला सांगू नकोस. श्रुतीला सांग, हे वाघाचं नाही, तेव्हा कायद्याचा प्रश्न मिटला. अव्वाच्या मनाप्रमाणे बाळाच्या गळ्यात पडू दे. कुणाचं काय जातंय? तू ऐकलं नाहीस. "अव्वाला काही कळत नाही असं तुम्ही समजता, मी नाही समजत," एवढंच म्हणालीस आणि संध्याकाळी देवघराच्या उंबऱ्याशी बसून तिला सगळं सांगितलंस. आपण काय सांगतोय याचा तिच्यावर काय परिणाम होईल ते तुला पूर्ण ठाऊक होतं. मला आजही वाटतं की मी तुझ्याजागी असतो तर माझी हिंमत झाली नसती.

अव्वानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं तोंडातली कवळी काढली, तूच बनवलेली, वरची आणि खालची, आणि स्टीलच्या वाटीत ठेवून वाटी तुझ्यापुढं सरकवली.

"तुजे दात तुज्यापाशी ठिव," ती बोळक्या तोंडानं म्हणाली. "माजा सासरा, नवरा, ल्योक, नातू, समदे ह्याच्यावर वाडले. आन् तू म्हनतीस वाघ न्हवं?"

त्या दिवसापासून अव्वाचा संप सुरू झाला. कवळी नाही म्हणजे भाकरी नाही, चटणी नाही. नुसती आंबील आणि दूधभात. घरी कुणी आलं की मुद्दाम हसून दाखवायची, दंतवैद्याच्या घरात ही अवस्था म्हणून. तुला लाज आणायचा बेत होता. तू रोज सकाळी ती कवळी ब्रशनं घासून, ताज्या पाण्यात घालून तिच्या ताटाशेजारी ठेवायचीस आणि रोज संध्याकाळी न बोलता उचलायचीस. दोन बायकांच्या त्या मुक्या लढाईत मी जेवताना खाली मान घालून बसायचो.

इकडं तू फोटो आणि एक्स-रे, सोबत तुझा अंदाज लिहून, नागपूरच्या एका प्राध्यापक बाईंकडं पाठवले. त्या जीवाश्मांवर काम करतात, हे तू कुठून शोधलंस देव जाणे. त्यांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. त्या उत्सुक वाटल्या, बरंच विचारत राहिल्या, आणि मग त्यांनी विचारलं, "बाकी काही केलं नाही ना याला? धुतला वगैरे?"

तू म्हणालीस, "हो. स्केलिंग केलं. पॉलिशही केलं."

मग बाई अगदी हळू म्हणाल्या, "अहो डॉक्टर, त्याला चिकटलेली माती हाच त्याचा पत्ता असतो. तो कुठल्या थरातला, कुठल्या भागातला, ते तीच सांगते. आता दात आहे, पण बेपत्ता आहे."

फोन संपल्यावर तू कितीतरी वेळ खुर्चीवर बसून होतीस, पेशंटच्या खुर्चीवर. जगातल्या कुठल्याही माणसाच्या हातात तो दात पडला असता तर त्यानं तो फार तर फडक्यानं पुसला असता. आख्ख्या सोलापुरात तो इतका स्वच्छ करू शकेल अशी माणसं मोजकीच, आणि त्यातली एक आमच्या घरात. मळका दात समोर आला आणि घासल्याशिवाय सोडला, हे तुझ्याकडून होणं शक्यच नव्हतं. मला हसू आवरत नव्हतं, आणि तुला रडू.

पण तू दुसऱ्या दिवशी दाढी करत असलेल्या माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. "टोपण," म्हणालीस.

"काय टोपण?"

"चांदीचं टोपण. सोनारानं ते लाखेनं बसवलंय. दात आतून पोकळ आहे. बसवताना त्यानं पोकळी कशाला कोरली असेल? वरून लाख ओतली असणार. म्हणजे आतली माती तशीच आहे. लाखेखाली, झाकलेली."

सराफ कट्ट्यावरच्या आपल्या नेहमीच्या सोनाराला विचारलं तर तो म्हणाला, लाख आहे ना, मग गरम करतो, सुटंल. तू त्याच्या हातातून ते जवळजवळ हिसकावून घेतलंस. लाख वितळली की मातीत मिसळणार, आणि तापलेला दात तडकणार. तू म्हणालीस, मीच कापते, दातावरची कॅप कापतात तसं. धातूची कॅप कापायची आणि खालच्या दाताला ओरखडा येऊ द्यायचा नाही, हेच तर तू आयुष्यभर केलंस.

फक्त एक अडचण होती. पणजोबांनी करवून घेतलेलं ते टोपण अव्वाला विचारल्याशिवाय कापता येत नव्हतं, आणि अव्वा बोलत नव्हती.

तू गेलीस तिच्याकडं. मी ऐकत होतो. तू म्हणालीस, "अव्वा, मी चुकले. मी त्याला घासून धुऊन काढलं. घासायला नको होतं." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा अव्वाच्या तोंडावर समाधान दिसलं. "मंग?" तिनं विचारलं. तू मातीचं, लाखेचं सगळं समजावलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा स्वतःच कठडा धरून जिना उतरली आणि तुझ्या दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीवर जाऊन बसली. म्हणाली, "माज्यासमोर काय करायचं त्ये कर."

ती सकाळ मी जन्मात विसरणार नाही. तू मास्क लावलास, ते ट्रेवर पक्कं बसवलंस, हातात मशीन घेतलंस. पाय पेडलवर ठेवणार, तोच अव्वा बोलायला लागली. तुझ्याकडं पाहत नव्हती. समोरच्या थुंकायच्या भांड्याकडं पाहत होती.

तिला पहिली मुलगी झाली होती. निलव्वा. हे मला ऐकून माहीत होतं, की एक बहीण होती आणि तान्हेपणी गेली. त्यापलीकडं घरात कधी कुणी बोललं नव्हतं. अव्वा सांगत होती, "बारशाला मी सासूला मागितलं ह्ये वाघनख. सासू म्हनली, पोरीला कशाला? ह्ये पोरांचं हाय. मी गप बसले. मला हट करता आला असता की. नवरा माजा ऐकनारा हुता. पर गप बसले. आन् पोर गेली." मग म्हणाली, "तवापासून ठरिवलं हुतं, ह्या घरात फुडं पोरगी झाली तर पैल्यांदा तिच्या गळ्यात बांदनार."

म्हणजे हे होतं तर. म्हातारीचा हट्ट, जुनाट खूळ, असं मी जे समजत होतो ते हे होतं. आणि तू नेमकं तेच तिच्याकडून काढून घ्यायला निघाली होतीस. मी दारात उभा होतो. माझी आत यायची छाती झाली नाही.

तू मास्क खाली केलास, मशीन ठेवलंस आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसलीस. मला वाटलं, आता ही तिचा हात धरेल, जाऊ दे म्हणेल, टोपण तसंच ठेवेल. तू विचारलंस, "अव्वा, निलव्वाला काय झालं होतं? ताप होता?"

"ताप हुता. हगवन बी हुती. डोळं आत गेलं हुतं."

"दूध पीत होती?"

"दोन दिस पीत हुती. मंग न्हाई."

"टाळू आत गेली होती?"

"व्हय. हितं," अव्वानं स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवलं.

तू अगदी पेशंटची माहिती घ्यावी तसं एकेक विचारलंस आणि मग म्हणालीस, "अंगातलं पाणी जाऊन गेली ती. त्या काळी सलाईन हातात नव्हतं, म्हणून गेली. हे गळ्यात असतं तरी गेली असती, अव्वा. हा एका जनावराचा दात आहे. यानं या घरात कुणाला वाचवलं नाही, आणि हा नव्हता म्हणून कुणी मेलंही नाही. तुमचं काहीही चुकलं नव्हतं."

अव्वा तुझ्याकडं वळली. "हट केला असता तरी?"

"हट्ट केला असता तरी."

नंदा, मी कोर्टात पुष्कळ निकाल ऐकले. निर्दोष सुटलेली माणसंही पाहिली. पण सत्तरएक वर्षं स्वतःच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला कुणी इतक्या साध्या आवाजात मोकळं सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तिचा मुलगा, मला ती पिंजऱ्यात आहे हेही माहीत नव्हतं. तू मात्र, मी जे तिच्यापासून लपवू बघत होतो, त्याच खऱ्यानं तिला सोडवलंस. मला तुझा त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला तेवढा आपल्या अख्ख्या संसारात वाटला नव्हता, आणि वाटायला कारणं पुष्कळ होती.

अव्वानं पदरानं तोंड पुसलं. मग खुर्चीत मागं टेकली. "काप त्ये," म्हणाली.

तू कापलंस. चांदी सोललेल्या सालीसारखी दोन बाजूंना झाली, दातावर एक रेघ उठली नाही. लाखेचा गोळा तू टोकदार काडीनं कणाकणानं उकरलास. त्याच्या खाली लालसर माती होती, चिमूटभर, कोरडी, पणजोबांच्या काळापासून तिथंच. तू ती काचेच्या बाटलीत भरलीस आणि बाटली उजेडाकडं धरून अव्वाला दाखवलीस. अव्वा म्हणाली, "माती तर हाय." त्या रात्री जेवताना तिनं वाटी पुढं ओढली आणि कवळी घातली. तिच्यासाठी तू दाताचं माप घेऊन दगडी प्लास्टरचा एक नमुनाही बनवलास, हुबेहूब, बाळाला बांधायला. अव्वानं तो उलटासुलटा करून तुला परत दिला. "खोटं दात माज्या तोंडात हायत त्ये बास झालं," म्हणाली. "ख्यरा दात त्या बाईकडं घिऊन जा."

आपण नागपूरला गेलो. प्राध्यापक बाईंनी तो भिंगाखाली ठेवला, आणि मग तुम्ही दोघी जे बोलायला लागलात त्यात मला काही जागाच उरली नाही. दोन वकील आपसात बोलायला लागले की अशील जसा बाकावर बसून राहतो, तसा मी बसलो होतो. एनॅमलची जाडी, करवतीच्या दात्यांची ठेवण, झीज. अधूनमधून बाई तुला विचारत होत्या आणि ऐकून घेत होत्या, हे मी पाहत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "मांसाहारी डायनासोर. तुम्ही एक्स-रेवरून जे लिहिलं होतं ते बरोबर आहे." माती चांद्याकडच्या थरांसारखी दिसते, म्हणाल्या, पण तो दात कुणी, कुठून उचलला हे माहीत नसल्यामुळं ठाम लिहिता येणार नाही, "बहुधा" एवढंच लिहू. तुला ते "बहुधा" फार आवडलं. खरं तेवढंच लिहिणारी माणसं तुला आवडायची.

एका ठिकाणी तू चुकलीस, तेही तुझ्या धंद्यामुळंच. दाताला मूळ नाही म्हणून तू धरून चालली होतीस की तो मारामारीत मोडला, आणि त्या जनावराची तुला इतके दिवस दयाही येत होती. बाई हसून म्हणाल्या, मोडला नाही, पडला. खालून नवा आला की जुन्याचं मूळ विरघळतं आणि तो गळून पडतो. तू विचारलंस, "आपला दुधाचा दात पडतो तसा?" "तसाच, पण यांचं जन्मभर चालायचं." तू म्हणालीस, "मग यांच्यात माझा दवाखाना चाललाच नसता." परतीच्या गाडीत तुला ते आठवून पुन्हा पुन्हा हसू येत होतं.

नागपूरला बाईंच्या इमारतीचा जिना चढताना तुला दम लागला होता. मधल्या वळणावर तू कठडा धरून थांबलीस. मी म्हटलं, सोलापूरला गेल्यावर लगेच दाखवू. तू म्हणालीस, आधी दात, मग मी. यावर मला तुझ्याशी अजून भांडायचं आहे. तुझ्या कामाचा क्रम मला मान्य नव्हता, आजही नाही. तू गेल्यावर हृदयाचे डॉक्टर जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. तुला ते माझ्याआधी कळलं असणार.

आणि दुसरा वाद पणजोबांचा. तुझं म्हणणं, चांद्याकडं कुणीतरी शेतात सापडलेला दगड त्यांना दिला आणि त्यांनी घरी येऊन वाघ रचला. माझं म्हणणं, दात वाघाचा नाही एवढंच सिद्ध झालं. पणजोबांना वाघ भेटलाच नाही हे सिद्ध झालेलं नाही. तू गाडीत खिडकीला डोकं टेकून म्हणालीस, "करा अपील." मी केलेलं नाही. आता समोर कुणी नसताना ते जिंकणंही मला नको आहे.

बाळ झालं तेव्हा आपण पुण्याला होतो. मुलगी. तू तिला घेतलंस, आणि सगळे पहिल्यांदा डोळे कुणासारखे ते बघत असताना तू करंगळी धुऊन तिच्या तोंडात घातलीस आणि हिरड्या चाचपल्यास. "छान आहेत," म्हणालीस, निकाल दिल्यासारखं. श्रुती खूप हसली. त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस.

बारसं पुढं ढकलायचं सगळ्यांच्या मनात होतं. अव्वानं ढकलू दिलं नाही. काल इथंच, घरात, थोडक्यात झालं. गल्लीतल्या पाचपंधरा बायका होत्या, अव्वाची माहेरकडची दोन माणसं होती. पाळण्याला हार, घुगऱ्या, एवढंच. अव्वा पाळण्याशेजारी खुर्चीवर बसली होती. नाव ठेवून झालं, बाळाला बघायला बायका वाकल्या, आणि अव्वाच्या माहेरच्या एका म्हातारीनं बाळाच्या गळ्याकडं बोट केलं. तिच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, ती आपली जुनी रीत आठवून विचारत होती.

"गळा मोकळा ठिवला व्हय गं पोरीचा? तुमच्याकडचं त्ये वाघनख कुटं गेलं? पोरगी हाय म्हनून न्हाई बांदलं?"

सगळे अव्वाकडं बघायला लागले. मीही. श्रुतीनं बाळाला उचलून घेतलं होतं.

"पोरगी हाय म्हनून न्हवं," अव्वा म्हणाली. "त्ये वाघनख न्हवंच. दात हाय, लई म्होट्या जनावराचा. नागपूरला ठिवलाय, शिकनाऱ्या पोरापोरींनी बगावा म्हनून."

"अगं पर तुला कुनी सांगितलं, वाघाचं न्हवं म्हनून?"

अव्वानं श्रुतीच्या हातातून बाळ मागून घेतलं आणि मांडीवर नीट निजवलं.

"माज्या सुनेनं," ती म्हणाली. "आन् ती सांगती त्ये ख्यरं असतंय."